भिंतीतला पिंजरा : लिस्बनमधली तीन तासांची पायी फेरी

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी लिस्बनबद्दल दहा मिनिटं बोललो. नंतर चहाच्या वेळी तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला : "फक्त दोघांसाठी गाईड करायचा, एवढा खर्च करायचा, त्याचा खरंच उपयोग होतो का? पुस्तकात सगळं असतंच की." उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे टिपण.

थोडक्यात सांगायचं तर उपयोग होतो, पण एका अटीवर. आपण एक प्रश्न घेऊन जायचं. "शहर दाखवा" असं म्हटलं की गाईड शहर दाखवतो, म्हणजे पोस्टकार्डावर असतं तेच. मी पेशाने स्थापत्य अभियंता, इतिहासाकडे वळलो ते चाळिशी उलटल्यावर आणि स्वतःच्या हिमतीवर. त्यामुळे माझा प्रश्नही तसलाच होता. निघण्याआधी पंधरा दिवस मी गाईडबाईंना ईमेल केला : "१७५५च्या भूकंपानंतर हे शहर पुन्हा कसं बांधलं, एवढंच मला बघायचंय. राजवाडे, किल्ले नकोत." त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं : "मग आपण दोन किलोमीटरच चालू. जाड तळव्याचे, न घसरणारे बूट घाला."

बुटांची सूचना किती शहाणपणाची होती ते तिथे गेल्यावर कळलं. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे आहेत. ही नक्षीची फरसबंदी १८४०च्या दशकात सुरू झाली. इतक्या वर्षांच्या पावलांनी दगड गुळगुळीत झालेत, आणि पाऊस पडला की शेवाळलेल्या घाटासारखे सटकतात.

आधी काय होतं

फेरी सुरू झाली तेजो नदीकाठच्या प्रचंड चौकात. त्याचं अधिकृत नाव व्यापार-चौक, पण लोक अजून "तेरेइरो दो पासो" म्हणतात, म्हणजे राजवाड्याचं पटांगण. राजवाडा मात्र कुठेच नाही. बाईंनी तिथूनच सुरुवात केली. "नावात राहिलाय, जमिनीवर नाही," त्या म्हणाल्या.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊनंतरची वेळ, चर्चेस भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप झाला. जीव वाचवून लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेत आले, तर काही वेळातच समुद्राची लाट नदीतून वर चढली. आणि मग आग, ती कित्येक दिवस विझली नाही. राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालय गेलं, त्याच वर्षी वसंतात सुरू झालेलं भव्य ऑपेरागृहही गेलं. किती माणसं मेली याचे अंदाज इतके वेगवेगळे आहेत की मी आकडा लिहीत नाही. राजा जोसे पहिला त्या दिवशी शहराबाहेर होता म्हणून वाचला, पण त्याने दगडी छपराचा एवढा धसका घेतला की पुढे तो आजुदाच्या टेकडीवर तंबूंत आणि लाकडी वाड्यातच राहिला.

चौकाच्या मधोमध या राजाचा अश्वारूढ पुतळा आहे, १७७५ सालचा. पर्यटक त्याचा फोटो काढतात आणि मंत्री पोंबालचं नाव घेतात, कारण पुनर्बांधणीचं श्रेय त्याला जातं. मीही तेच वाचून गेलो होतो आणि तसं बोललोही. बाईंनी मला तिथेच थांबवलं.

"हुकूम पोंबालचा, खरंय. पण विचार कुणाचा?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा अभियंता

विचार होता मानुएल दा माया या राज्याच्या मुख्य अभियंत्याचा. भूकंप झाला तेव्हा तो ७८ वर्षांचा होता. ४ डिसेंबर १७५५ला, म्हणजे जेमतेम पाच आठवड्यांत, त्याने आपल्या टिपणाचा पहिला भाग सादर केला. त्यात त्याने एकच योजना रेटली नाही. पर्याय मांडले : शहर होतं तसंच पुन्हा उभारावं, उंची तीच ठेवून रस्ते रुंद करावेत, घरांची उंची कमी करावी, सखल भाग पूर्ण पाडून, राडारोडा पसरून नव्याने आखावा, किंवा हे सगळं सोडून पश्चिमेला बेलेंच्या बाजूला नवं शहर वसवावं. निवडला गेला तो सखल भाग नव्याने आखण्याचा पर्याय. आराखडे केले एउजेनिओ दोस सांतोस आणि मूळचा हंगेरीचा कार्लोस मार्देल यांनी.

मला सगळ्यात जास्त भिडली ती वेगळीच गोष्ट. हाच मानुएल दा माया राज्याच्या दफ्तरखान्याचा मुख्य रक्षकही होता. दफ्तरखाना किल्ल्याच्या ज्या बुरुजात होता तो बुरूज कोसळला, आणि या म्हाताऱ्याने ढिगाऱ्यातून कागद बाहेर काढवून आधी लाकडी खोपटात, मग एका मठात हलवले. गोव्याच्या इतिहासावर काम करणारे अभ्यासक आजही ज्या "तोरे दो तोंबो" दफ्तरखान्यात जातात, तो हाच. अभियंत्याने आधी कागद वाचवले आणि मग शहर आखलं. पुस्तकात हे वाचलं असेन, पण नदीकाठी, वारा खात, बाईंच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते डोक्यात बसलं.

पेठा आणि आळ्या

चौकातून कमानीखालून आत गेलं की बाइशा, म्हणजे खालचा भाग. सरळ रस्ते, काटकोनातले चौक. मुख्य रस्ते साठ पाल्मो, म्हणजे साधारण तेरा मीटर रुंद. अठराव्या शतकासाठी ही चैनच. रस्त्यांची नावं वाचत गेलं तर आपल्या जुन्या शहरांतल्या आळ्या आठवतात : सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, कापडवाल्यांचा, जोडे करणाऱ्यांचा, खोगीरवाल्यांचा. कुठला धंदा कुठे, हे हुकुमानेच ठरवून दिलं होतं.

बाईंनी एक खेळ लावला. "समोरच्या दोन घरांत फरक शोधा." पाच मिनिटं बघूनही फारसा सापडेना. खिडक्यांची मापं, दगडी चौकटी, गज सगळं सारखं. कारण ते ठरलेल्या मापाने आधीच घडवून आणलेलं होतं. आज आपण ज्याला प्रीफॅब म्हणतो, त्याचीच ही आधीची पायरी. आणखी एक खूण त्यांनी दाखवली : दोन घरांच्या मधली भिंत छपराच्या वर डोकं काढून असते. ती शोभेला नाही. एका घराची आग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून.

खोगीरवाल्यांच्या रस्त्यावर एका बँकेच्या तळघरात उत्खननाची जागा आहे. तिथे आधी वेळ ठरवून जावं लागतं, आणि तिथली माणसंच माहिती देतात. सगळ्यात खाली रोमन काळातले मासे खारवायचे हौद, आणि त्याच थरांत घुसलेले अठराव्या शतकातले पाइनचे लाकडी खुंट. बाइशाची जमीन गाळाची, पाणथळ. त्यामुळे पायाखाली असे खुंट ठोकून त्यावर इमारती उभ्या केल्या. लाकूड सतत पाण्याखाली असेल तर शतकानुशतकं टिकतं. पाण्याची पातळी खाली गेली आणि हवा लागली की कुजायला लागतं. म्हणून या भागात कुणी खोल तळघर खणायचं ठरवलं तर ते शेजाऱ्याच्याही पायावर येऊ शकतं.

पिंजरा

आता मुख्य गोष्ट. या घरांच्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडा आहे. त्याला "गायोला" म्हणतात, म्हणजे पिंजरा. तळमजला दगडी खांबांचा आणि कमानींचा. त्यावरच्या मजल्यांपासून पिंजरा सुरू होतो : उभे खांब, आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक चौकोनात फुलीसारखे दोन तिरपे वासे. मधल्या जागेत दगड-विटांचे तुकडे आणि चुना. वरून गिलावा. बाहेरून बघणाऱ्याला साधी भिंत दिसते.

फुली का? चार काठ्यांचा चौकोन कोपऱ्यांत सैल असतो, ढकलला की तिरपा होतो. त्यात तिरपा वासा घातला की त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाचा आकार बाजूंची लांबी बदलल्याशिवाय बदलत नाही. भूकंपात भिंत हलते तेव्हा मधली भर सुटेल, गिलावा गळेल, पण सांगाडा वाकून, करकरून मजला धरून ठेवेल, असा त्यामागचा हिशेब. नमुन्याचा पिंजरा उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत फिरवलं आणि अशी चाचणी घेतली, अशी गोष्ट तिथे सांगतात. पोर्तुगालच्या प्रयोगशाळांत अलीकडे अशा भिंतींवर खऱ्या चाचण्या झाल्या आहेत.

बाईंनी आम्हाला एका दुकानात नेलं. दुरुस्तीच्या वेळी मालकाने भिंतीचा एक तुकडा मुद्दाम उघडा ठेवलाय. लाकडाची फुली, तिच्या कोनात खुपसलेले दगड, चुना थोडा भुसभुशीत. मी हात लावला आणि मला बडोदा आठवलं.

२६ जानेवारी २००१. भुजचा भूकंप आम्हाला बडोद्यातही चांगलाच जाणवला. अहमदाबादेत कोसळल्या त्यांत काँक्रीटच्या नव्या बहुमजली इमारती होत्या. पण सगळ्यांना भीती बसली जुन्या घरांची. ओळखीच्या एका कुटुंबाचा जुन्या शहरात वाडा होता. भिंतींना तडे गेले म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी बत्तिशीचा, डिग्री काँक्रीटच्या जमान्यातली. हातोडीने गिलावा पाडला, आत लाकडी खांब-तुळया आणि सुटलेल्या विटा दिसल्या. मी अहवालात लिहिलं : "विटांचा लाकडाशी बंध राहिलेला नाही, बांधकाम धोकादायक, पाडावे." वाडा पाडायला तीन दिवस धरले होते, बारा लागले. चौथ्या दिवशी मुकादम मला म्हणाला, "साहेब, विटा गळतात, पण हे पडायला तयार नाही." मी हसलो होतो.

आपल्या वाड्यांत सगळीकडे फुल्या नसतात. वाडा म्हणजे लिस्बनचं घर नव्हे, आणि प्रत्येक जुना वाडा सुरक्षित असतो असंही मी म्हणत नाही. वाळवी लागलेला, सांधे सुटलेला सांगाडा जीव घेऊ शकतो. माझी चूक वेगळी होती. भिंत विटांची आणि लाकूड मधे अडकलेलं, असं मी समजलो. खरं तर घर लाकडाचं होतं आणि विटा भरीला होत्या. तडा भरीत होता. मी खांबांची बुडं तपासली नाहीत, सांधे उघडून पाहिले नाहीत. कदाचित तपासूनही पाडायलाच सांगावं लागलं असतं. पण ते मला आता कळणार नाही.

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही. म्हणाल्या, "इथेही तेच झालं. दुकानं मोठी करायला लोकांनी मधल्या भिंती काढल्या, पिंजरा कापला, वर मजले चढवले. १९६९ला भूकंप झाला, पण १७५५सारखा पुन्हा झालेला नाही. त्यामुळे कापलेला पिंजरा काय करेल, ते कुणी पाहिलेलं नाही."

अवशेष कुणाचा?

शेवटचा थांबा कार्मोचा मठ, १३८९ साली सुरू झालेला. छप्पर नसलेलं चर्च, आभाळात उभ्या टोकदार कमानी. भूकंपाची आठवण म्हणून जगभर याच कमानींचे फोटो फिरतात. मी कॅमेरा काढला तर बाईंचा नेहमीचा प्रश्न आला : "हे केव्हाचं?"

"चौदाव्या शतकातलं," मी म्हणालो.

ते अर्धंच बरोबर निघालं. मधल्या दालनाचे खांब आणि कमानी बऱ्याच अंशी भूकंपानंतरच्या, १७५६पासून सुरू झालेल्या दुरुस्तीतल्या आहेत. १८३४ला पोर्तुगालमध्ये धार्मिक संघ बरखास्त झाले आणि काम थांबलं. म्हणजे भूकंपाचा अवशेष म्हणून आपण जे बघतो, त्यात अर्धवट राहिलेली दुरुस्तीच जास्त आहे. आमच्या सौभाग्यवतींनी तिथे नेमकं विचारलं : "मग हे असंच ठेवायचं कुणी ठरवलं?" एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पडक्या वास्तूंचं आकर्षण होतं, त्या आवडीने ते तसंच ठेवलं गेलं. १८६४ पासून तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे.

पुस्तक वाचताना आपण आपल्याला हवं ते वाचतो, मोठ्या घोळक्यात छत्रीमागे चालताना प्रश्न विचारायला वेळ नसतो. दोघांच्याच फेरीत माझ्या तीन समजुती खोडल्या गेल्या : पोंबालची, कार्मोची, आणि माझ्या स्वतःच्या अहवालाची.

कुणी जाणार असाल तर एवढं करा. प्रश्न आधी कळवा आणि आपला पेशाही सांगा. एकच भाग निवडा, तीन तासांत त्याहून जास्त होत नाही. प्रत्येक थांब्यावर "हे केव्हाचं?" विचारा. आणि आपलं मत आधी बोलून टाका, म्हणजे समोरच्याला ते खोडता येतं.

आणि एक विनंती, बडोद्यातल्या सभासदांना. तुमच्या किंवा ओळखीतल्या जुन्या वाड्याचं पाडकाम किंवा दुरुस्ती निघाली, तर गिलावा उतरल्यावर एक दिवस आम्हाला द्या. आम्ही खांब-तुळयांची मापं घेऊ, सांध्यांचे फोटो काढू, बुडं टोचून बघू. पाडायचं की ठेवायचं हा निर्णय तुमचाच. मोजपट्टी आणि शिडी मी घेऊन येईन.