कातडीचं कलम

श्रावणात गुहागरच्या वाड्यांमधून फिरताना कुठे ना कुठे आंब्याची कलमं बांधण्याचं काम चाललेलं दिसतं. कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, खुंटाला उभी चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. चाकूचं काम मिनिटभराचं. पुढे कलम जगणार की नाही, हे पट्टीवर ठरतं. पट्टी सैल पडली तर काडी हलते, आत पाणी शिरलं तर कुजते, उघडी राहिली तर सुकते.

भाजलेल्या जखमेवर कातडी लावतात तेव्हाही हाच हिशेब असतो. डॉक्टर त्याला त्वचारोपण म्हणतात. आंब्याच्या मुलखात त्याला कातडीचं कलम म्हणायला हरकत नाही.

कलमाची वेळ कधी येते?

भाजणं वरवरचं असेल तर कातडीच्या आतल्या थरातली केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी शाबूत राहतात. त्यांतूनच नवी कातडी उगवते. खोल भाजलं की ही बीजंच जळून जातात. मग जखम फक्त कडेकडेने भरते आणि भरताना आवळत जाते. कोपर आखडतं, बोटं वाकडी होतात, मान छातीकडे ओढली जाते. म्हणून तीन आठवड्यांत जी जखम आपणहून भरण्याची शक्यता नसते, तिच्यावर कातडी लावतात.

ही कातडी बहुधा रुग्णाच्याच मांडीवरून घेतात. तिची जाडी साधारण पाव मिलिमीटर. भाजलेला भाग मोठा असेल तर यंत्रातून फिरवून तिला बारीक चिरा देतात. ती जाळीसारखी ताणली जाते, जास्त जागा झाकते आणि खाली साचणारं रक्त-पाणी त्या भोकांतून बाहेर पडतं. ही जाळीची युक्ती १९६४ सालची.

पहिले पाच दिवस

मांडीवरून सुटलेल्या कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा उरलेला नसतो. पहिले एक-दोन दिवस ती जखमेतून पाझरणारा द्रव शोषून तग धरते. जखमेतलं फायब्रिन नावाचं प्रथिन तिला खळीसारखं चिकटवून ठेवतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खालच्या केशवाहिन्यांची तोंडं तिच्यातल्या वाहिन्यांना जुळू लागतात. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत रक्त खेळायला लागतं आणि पांढुरकी कातडी गुलाबी दिसू लागते. डॉक्टर म्हणतात, ‘ग्राफ्ट धरलं.’

एवढ्या काळात कातडी जरा जरी सरकली तरी केसाहून बारीक असलेले हे नवे धागे तुटतात. खाली रक्त साकळलं तर ती जखमेपासून उचलली जाते आणि उपाशी मरते. जंतू वाढले तर विरघळून जाते. हे तिन्ही शत्रू दूर ठेवणं हेच पट्टीचं काम.

पुण्याचं नाक आणि कात

इथे पुण्याची एक जुनी हकिकत आठवते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभराने पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीच्या वैद्याने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. कपाळाची ती पट्टी भुवयांमधल्या देठाने मूळ जागी जोडलेलीच राहिली. देठ कापला तो सुमारे पंचविसाव्या दिवशी. हे झालं भेट कलम. त्यातही काडी आईझाडावर असतानाच खुंटाला बांधतात आणि जीव धरल्यावर सोडवतात.

त्या हकिकतीत पट्टीचंही वर्णन आहे. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून त्या पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवल्या. चार दिवस दुसरं काही लावलं नाही. त्यानंतर तुपात बुडवलेली फडकी. चिकटवून स्थिर ठेवायचं आणि मग स्निग्ध ठेवायचं, एवढं त्या वैद्याला पक्कं ठाऊक होतं. चिपळूण-सावर्डे भागाला तर कात काही नवा नाही.

थरावर थर

आजची पट्टीही त्याच तर्काने बांधतात. कातडी टाक्यांनी किंवा स्टेपलच्या पिनांनी कडेला पक्की करतात. तिच्यावर व्हॅसलिनसारख्या स्निग्ध पदार्थात भिजवलेली जाळी ठेवतात, म्हणजे पट्टी काढताना कातडी तिच्याबरोबर निघून येत नाही. मग सलाइनमध्ये ओला केलेला गॉझ, त्यावर कापसाची जाड गादी आणि सगळ्यावर सारखा दाब देणारं क्रेप बँडेज. सांधा जवळ असेल तर प्लास्टरची पट्टी देऊन तो हलू देत नाहीत. खोलगट किंवा वेड्यावाकड्या जागी टाक्यांचे दोरे लांब सोडतात आणि कापसाच्या गोळ्यावर गाठोड्यासारखे आवळून बांधतात. अलीकडे स्पंज ठेवून, वर हवाबंद पापुद्रा लावून पंपाने हवा खेचण्याची पद्धतही वापरतात. त्याने कातडी जखमेला दाबून बसते आणि पाणी ओढलं जातं.

पट्टी बहुधा पाचव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. वास आला, ताप चढला किंवा पट्टी भिजली तर आधी.

वाडीतलं पान, शीवचं रुग्णालय

जिथून कातडी घेतली ती मांडीची जागा रुग्णाला भाजलेल्या जागेपेक्षाही जास्त ठणकते, कारण तिथल्या मज्जातंतूंची टोकं उघडी पडलेली असतात. साधी पट्टी तिथे चिकटली की काढताना जीव जातो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी यावर केळीचं पान वापरून पाहिलं. पान गुळगुळीत, मेणचट, थंड आणि मोठं असतं, जखमेला चिकटत नाही. निर्जंतुक करून त्याची पट्टी बनवली आणि कातडी काढलेल्या जागेवर तसंच भाजलेल्या जखमांवर तिची चाचणी घेतली. त्याचे निबंध २००३ मध्ये ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले. त्याआधी १९८५ मध्ये मुंबईच्याच वाडिया बाल रुग्णालयातून उकडलेल्या बटाट्याच्या सालीच्या पट्टीचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. भाजलेल्याला केळीच्या पानावर निजवण्याच्या जुन्या रीतीला असा प्रयोगशाळेचा आधार मिळाला. मात्र वाडीतून तोडलेलं पान तसंच जखमेवर ठेवू नये. निर्जंतुक पान आणि अंगणातलं पान यांत फार अंतर आहे.

आंब्याच्या कलमात खुंट एका झाडाचा आणि काडी दुसऱ्याची चालते. माणसाच्या शरीराला ते मान्य नाही. दुसऱ्याची कातडी ते काही आठवड्यांत नाकारतं. तरीही मरणोत्तर दान केलेली कातडी मोठ्या भाजण्यात तात्पुरती पट्टी म्हणून जीव वाचवते. तिने शरीरातलं पाणी टिकतं, जंतू रोखले जातात आणि स्वतःची कातडी घ्यायला उसंत मिळते. शीवच्या रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत हे दान करता येतं.

दिवाळीत एवढं लक्षात ठेवा. फटाक्याने, पणतीने किंवा बंबाच्या पाण्याने भाजलं तर ती जागा वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. बांगड्या-अंगठ्या लगेच उतरवा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नका, फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने झाका आणि भाजणं तळहाताहून मोठं असेल, किंवा चेहऱ्यावर, हातावर, सांध्यावर असेल तर १०८ ला फोन करा. कातडी लावून घरी आलेल्या माणसाची पट्टी ‘बघू तरी’ म्हणून उचकटू नका. बांधलेलं कलम रोज सोडून बघणाऱ्याच्या दारी आंबा लागत नाही.