अर्धा किलो आणि अडीच किलो

ऑलिंपिकमधल्या दहा मीटर एअर पिस्तूलच्या स्पर्धेआधी प्रत्येक पिस्तुलाची एक छोटीशी परीक्षा होते. नळी आभाळाकडे करून पिस्तूल उभं धरतात, चापाला 500 ग्रॅमचं वजन अडकवतात आणि पिस्तूल अलगद वर उचलतात. वजन टेबलावरून सुटून लटकत राहिलं आणि चाप दबला नाही, तर पिस्तूल पास. यासाठी जास्तीत जास्त तीन प्रयत्न मिळतात. हा नियम चाप फार हलका होऊ नये म्हणून आहे, कारण नेमबाजाला तो जितका हलका मिळेल तितका हवाच असतो.

आता पोलिसाच्या कमरेला असतं ते पिस्तूल घ्या. ऑस्ट्रियाच्या लष्करानं 1982 च्या सुमारास स्वीकारलेलं ग्लॉक 17 हे त्याचं जगभर पसरलेलं उदाहरण. त्याचा चाप ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तर अनेक वर्षं जड स्प्रिंग बसवून तो मुद्दाम पाच किलोच्या पुढे नेला होता. दोन्ही हत्यारं एका हातात मावणारी, दोघांनाही आपण पिस्तूलच म्हणतो, आणि चापाच्या वजनात पाचपट-दहापट फरक! या एका आकड्याचा माग काढत गेलं की दोन्ही पिस्तुलं अशी का घडली ते उलगडत जातं.

आधी स्पर्धेचं बघू. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ असतं 11.5 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. एअर पिस्तुलावर नेम धरायला असलेली पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात धरा 33 सेंटिमीटर अंतर. चाप ओढताना माशी खाचेत फक्त एक मिलिमीटर सरकली, तर छर्रा तीन सेंटिमीटर बाजूला जातो. दहा तर गेलेच, नऊ आणि आठही गेले. हात लांब केलेला, आधार कशाचाच नाही, दुसरा हात लावायला मनाई. अशा वेळी बोटानं किती जोर लावायचा, यावर सगळा खेळ ठरतो. किलोभर वजनाच्या एअर पिस्तुलावर बोट अर्धा किलोचा जोर लावतं, म्हणजे पिस्तुलाच्या वजनाच्या निम्मा. भरलेलं ग्लॉक नऊशे ग्रॅमच्या आसपास भरतं आणि त्याचा चाप मागतो अडीच किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट. अशा चापावर पिस्तूल न हलवता बोट हलवणं किती अवघड असेल, याची कल्पना या हिशेबावरून येते.

स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ हाताचा साचा घेतल्यासारखी असते. अक्रोडाच्या लाकडात प्रत्येक बोटाला जागा कोरलेली, तळहाताखाली वर-खाली सरकणारी फळी. अनेक नेमबाज मुठीवर लाकडाची लांबी लावतात, वाळली की कानशीनं घासतात, आणि हात प्रत्येक वेळी नेमका तिथेच बसेपर्यंत हे चालू ठेवतात. पंचवीस मीटरच्या पिस्तुलात आणखी एक गंमत आहे. इटलीच्या पार्दिनीसारख्या पिस्तुलात मॅगझिन मुठीत नसतं, चापाच्या पुढे असतं. त्यामुळे मूठ हवी तशी कोरायला मोकळी राहते आणि वजन पुढे जातं, माशी कमी थरथरते. कमरेच्या पिस्तुलात मात्र मॅगझिन मुठीतच हवं, कारण तिथे लांबीचा प्रत्येक सेंटिमीटर अंगाला टोचतो. जर्मन अभियंता ह्यूगो बोर्खार्ट यानं 1893 मध्ये मॅगझिन मुठीत नेलं आणि खिशातल्या पिस्तुलाची वाट मोकळी झाली.

नेमबाज राही सरनोबतनं 2018 मध्ये जकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत सोनं जिंकलं ते याच पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, आणि आपल्या कोल्हापूरची. या प्रकाराच्या वेगवान टप्प्यात हात 45 अंशांत खाली ठेवून थांबायचं. इशारा झाला की तीन सेकंदांत हात उचलायचा, माशी जुळवायची, चाप ओढायचा. इथे चाप किमान एक किलोचा लागतो. काडतूस पॉइंट टू टूचं, गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. कागदाला भोक पाडण्यापलीकडे तिला काही करायचं नसतं, म्हणून धक्का नगण्य. शिवाय काडतूस फुटलं नाही आणि चूक नेमबाजाची नसेल, तर नियमानं ती फैर पुन्हा झाडता येते.

कमरेच्या पिस्तुलाला ही सवलत नाही. पण माझ्या मते त्याची खरी कसोटी गोळी सुटण्याच्या क्षणाची नाहीच. त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य न सुटण्यात जातं: घामात, धुळीत, गाडीत चढता-उतरता, धावता-पडता. स्पर्धेचं पिस्तूल रेंजवर पोचेपर्यंत पेटीत रिकामं असतं. हे दिवसभर भरलेलं, माणसाच्या अंगाला लागून असतं. चापाचे ते अडीच किलो या तासांसाठी आहेत.

आणि तरीही जड चाप म्हणजे सुरक्षित चाप, असं सरळ गणित नाही. 2017 मध्ये अमेरिकेत सिग सॉअर कंपनीच्या पी 320 पिस्तुलाच्या चाचण्या झाल्या. ते विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर पडलं तर आपोआप सुटू शकतं, असं दिसलं. पिस्तूल जमिनीवर आपटून थांबतं, पण चापाचा धातूचा तुकडा जडत्वामुळे मागे जात राहतो. कुणी बोट न लावता स्वतःच ओढला जातो. कंपनीनं सुधारणा केली त्यात चापाचा तुकडाच हलका केला. ओढायला लागणारा जोर वेगळा आणि त्या तुकड्याचं वस्तुमान वेगळं. हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

या दोन जगांना एकत्र आणायचा मोठा प्रयत्न 1976 मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, कोलंबिया गावी झाला. पिस्तूल नेमबाजीचा प्रशिक्षक जेफ कूपर आणि त्याच्या सोबत्यांनी आयपीएससी ही संघटना स्थापन केली. कमरेचं पिस्तूल आणि ते वापरणारा माणूस, दोघांची परीक्षा व्हावी हा हेतू. गुणांना वेळेनं भागायचं, म्हणजे अचूक आणि झटपट दोन्ही हवं. पण घड्याळ आलं आणि पिस्तुलं बदलू लागली. धक्का दाबायला नळीच्या तोंडाशी वायू वर फेकणारी खोबणी आली, मॅगझिनं लांबली, वर लाल ठिपक्याची दुर्बीण चढली. पाहता पाहता अशी पिस्तुलं जिंकू लागली जी कुणी कोटाखाली बाळगूच शकत नव्हतं. 1996 मध्ये आयडीपीए ही वेगळी संघटना निघाली ती यातूनच; तिथे रोजच्या वापराची पिस्तुलं हवीत आणि अनेक फैरी कपड्यांखाली पिस्तूल झाकून सुरू होतात. पण शर्यतीच्या पिस्तुलावरचा तो लाल ठिपका पुढे लहान होत होत पोलिसांच्या पिस्तुलांवर आला. माशी, खाच आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवर डोळा एकाच वेळी स्थिर होऊ शकत नाही; ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर दिसतो, त्यामुळे नजर लक्ष्यावरून हलवावी लागत नाही. स्पर्धेनं बाहेरच्या जगाला दिलेली ही देणगी मी फार मोठी मानतो.

आपल्याकडे बाळगायच्या पिस्तुलाची निवड मुळात अरुंद आहे. परवाना मिळाला तरी सामान्य नागरिकाला 9 मिलिमीटर सहसा मिळत नाही; मिळतं ते प्रामुख्यानं पॉइंट थ्री टू. कानपूरच्या आयुध कारखान्यानं 2014 मध्ये आणलेलं ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर त्याच मापाचं. खेळाचा रस्ता मात्र मोकळा आहे. कमी ताकदीच्या 4.5 मिलिमीटर एअर पिस्तुलाला परवान्यातून सूट आहे आणि क्लबमध्ये शिकायला पिस्तूल मिळतंही. नवख्यानं तिथे कंपनीचं नाव नंतर विचारावं. आधी मूठ हातात धरावी, डोळे मिटून हात उचलावा आणि डोळे उघडून पाहावं: माशी खाचेच्या मधोमध आली असेल तर ती मूठ आपल्या हाताची.