अफू, अश्वगंधा आणि एक लॅटिन विशेषण

इंदूरहून मंदसौर-नीमचकडे गेलं की माळव्याची दोन पिकं दिसतात: अफू आणि अश्वगंधा, म्हणजे आपली आसंध. अफूचं शास्त्रीय नाव पापाव्हर सोम्निफेरम, अश्वगंधेचं विथानिया सोम्निफेरा.

गैरसमज: नावं सारखी, म्हणजे अश्वगंधेतही अफूचा अंश असणार.

वस्तुस्थिती: मुळीच नाही. नातं सांगतो तो नावातला पहिला शब्द, प्रजातीचा. दुसरा इथे निव्वळ विशेषण आहे. अश्वगंधा वांग्या-बटाट्याच्या कुळातली. तिच्यात मॉर्फिन नसतं. अफूच्या लागवडीला केंद्र सरकारचा परवाना लागतो, अश्वगंधेला लागत नाही. औषधी वनस्पतीवर नुसत्या नावामुळे संशय यावा, हे मला फार खटकतं.

विशेषणाचा अर्थ ‘झोप आणणारा’. त्यातला सोम्नस म्हणजे झोप. तो संस्कृत ‘स्वप्न’चा सख्खा भाऊबंद. फेरो म्हणजे आणणे, वाहणे. त्याचं नातं ‘भरति’शी.

गैरसमज: ‘सोम्निफेरम’ आणि ‘सोम्निफेरा’ हे वेगळे शब्द, किंवा एक छपाईची चूक.

वस्तुस्थिती: शब्द एकच. पुल्लिंगी सोम्निफेर, स्त्रीलिंगी सोम्निफेरा, नपुंसकलिंगी सोम्निफेरम. इंदुरी मराठी माणसाला हे चटकन उमगावं. बाजारातल्या हिंदीत लिंगं दोन, पण घरच्या मराठीत तीन: आणणारा, आणणारी, आणणारं. मात्र मराठीतलं लिंग लॅटिनला लावू नये. अफू आपल्याकडे स्त्रीलिंगी, पापाव्हर नपुंसकलिंगी. पापाव्हरच्या रूपावरून ते कळतही नाही. विशेषणाचा शेवट पाहिला की कळतं.

विभक्तीतही हे विशेषण नामाबरोबर चालतं. ‘अफूचं’ म्हणायचं तर पापाव्हेरिस सोम्निफेरी. स्त्रीलिंगी षष्ठी सोम्निफेरी नव्हे, सोम्निफेराए. मराठीत ‘चांगल्या’ या एका सामान्यरूपावर भागतं, लॅटिनमध्ये भागत नाही. वनस्पतीच्या नावात मात्र असं विशेषण नेहमी प्रथमेत असतं.

गैरसमज: ‘एर’ने संपणाऱ्या सगळ्या विशेषणांतला ‘ए’ पुढे गळतो.

वस्तुस्थिती: काळा या अर्थाच्या ‘निगेर’मध्ये गळतो, म्हणून मिरी पायपर निग्रम आणि काळी मोहरी ब्रासिका निग्रा. सोम्निफेरमध्ये तो टिकतो.

गैरसमज: प्रजाती बदलली की विशेषणही बदलतं.

वस्तुस्थिती: सहसा शब्द तोच राहतो, लिंग बदललं तरच शेवट बदलतो. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये अश्वगंधेला फायसालिस सोम्निफेरा म्हटलं. 1852 मध्ये द्युनाल या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला विथानियात नेलं. दोन्ही प्रजातिनामं स्त्रीलिंगी, म्हणून ‘सोम्निफेरा’ला धक्का लागला नाही. नवं नाव नपुंसकलिंगी असतं, तर अश्वगंधाही सोम्निफेरम झाली असती.