संचायक विद्युत् घटमाला, घरगुती : धारकता परीक्षण

बॅटरी या नावाने परिचित असलेली संचायक विद्युत् घटमाला पूर्ण भारित करून तिच्यातून ठरावीक प्रवाह ठरावीक अंतिम विद्युत् दाबापर्यंत घेतला असता जेवढा विद्युत् भार मिळतो, त्यास तिची धारकता म्हणतात. धारकता अँपिअर-तास या एककात मोजतात. फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल घट तयार केला. आजही घरगुती इन्व्हर्टरला बहुतांशी याच जातीची, सहा घटांची १२ व्होल्ट घटमाला जोडतात. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन तीव्र झाले आणि अकोला, अमरावती, बडनेरा, अचलपूर येथील घरांतून इन्व्हर्टर ही नेहमीची वस्तू झाली. मेळघाटातील दुर्गम वस्त्यांत सौर दिव्यांचा रात्रीचा आधार घटमालाच असतो.

घटमालेवर छापलेली धारकता सशर्त असते. १५० अँपिअर-तास या आकड्याचा सामान्य अर्थ असा, की २७° से. तापमानास ७.५ अँपिअर प्रवाह २० तास घेतल्यानंतर विद्युत् दाब १०.५ व्होल्टपर्यंत, म्हणजे प्रत्येक घटास १.७५ व्होल्टपर्यंत उतरेल. प्रवाह वाढविला की हाती येणारा विद्युत् भार कमी होतो. हा संबंध जर्मन शास्त्रज्ञ व्हिल्हेल्म पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला. पंखे, दिवे व दूरचित्रवाणी संच मिळून ४०० वॉट भार असल्यास इन्व्हर्टर घटमालेतून सु. ३९ अँपिअर प्रवाह घेतो. साध्या भागाकाराने पावणेचार तासांहून थोडा अधिक काळ येतो. प्रत्यक्षात नवी घटमालाही पावणेतीन तासांच्या आसपास थकते. विक्रेता व ग्राहक यांच्यातील पुष्कळशा तक्रारींचे मूळ या फरकात आहे.

विद्युत् दाब वा अम्लाची घनता पाहून धारकता कळते, हा समज चुकीचा आहे. या दोन्ही राशी घटमाला किती भरलेली आहे हे सांगतात. भांडे केवढे उरले आहे हे सांगत नाहीत. क्षीण झालेली घटमाला लवकर भरते व भरल्यावर १२.७ व्होल्टच्या आसपास दाब दाखविते. दुकानातील भार-परीक्षक काही सेकंद मोठा प्रवाह घेतो. मोटार सुरू करण्याच्या घटमालेसाठी ती कसोटी उपयोगी आहे, रात्रभर पंखा चालविणाऱ्या घटमालेसाठी तिचा फारसा उपयोग नाही. इन्व्हर्टरच्या दर्शकावरील टक्केवारीही बहुधा दाबावरून काढलेला अंदाज असते.

खरी धारकता प्रत्यक्ष विसर्जनानेच कळते. घटमाला पूर्ण भारित करून काही तास स्वस्थ ठेवावी व इन्व्हर्टरपासून अलग करावी. मोटारीच्या जुन्या पद्धतीचे १२ व्होल्ट, ४५ वॉटचे दोन दिवे समांतर जोडल्यास सु. ७.५ अँपिअर प्रवाह वाहतो. दर अर्ध्या तासाने प्रवाह व घटमालेच्या अग्रांवरील दाब यांची नोंद करावी. शेवटच्या टप्प्यात दाब झपाट्याने उतरत असल्यामुळे नोंदी दर पाच मिनिटांनी कराव्यात. १०.५ व्होल्टला दिवे काढावेत. सरासरी प्रवाहास तासांनी गुणले की धारकता मिळते. यानंतर घटमाला विनाविलंब भारित करणे अत्यावश्यक आहे, अन्यथा पट्ट्यांवर लेड सल्फेटाचे कठीण स्फटिक जमतात. पूर्ण विसर्जनाने घटमालेची थोडी झीज होतेच, म्हणून वर्षातून एकदा परीक्षण पुरे. भारित होताना हायड्रोजन बाहेर पडतो. खोलीत हवा खेळती असावी व जवळ ज्योत नसावी.

वऱ्हाडात या कृतीला तापमानाची दुरुस्ती लावली नाही, तर निष्कर्ष फसवा ठरतो. अकोल्यास मे महिन्यात दुपारचे तापमान ४५° से. च्या वर जाते आणि पत्र्याखालच्या खोलीतील अम्ल रात्रीही फारसे निवत नाही. उष्णतेने रासायनिक विक्रिया जलद होते व धारकता दर अंशास सु. अर्ध्या टक्क्याने वाढलेली दिसते. समजा, अम्लाचे तापमान ४१° से. असताना वरील घटमाला साडेसोळा तास चालली. मिळालेले सु. १२४ अँपिअर-तास छापील आकड्याच्या ८२ टक्क्यांहून थोडे अधिक आहेत. १४ अंशांची म्हणजे सात टक्क्यांची वजावट केल्यावर ११५ अँपिअर-तास, सु. ७७ टक्के, उरतात. ८० टक्क्यांखाली गेलेली घटमाला बदलण्याजोगी मानण्याचा प्रघात असल्याने उत्तीर्ण वाटलेली घटमाला येथे अनुत्तीर्ण ठरते. तीच उष्णता पट्ट्यांचे क्षरण वाढविते. तापमान सतत आठ-दहा अंशांनी अधिक राहिल्यास आयुष्य सु. निम्मे होते. उन्हाळ्यात धडधाकट भासलेली घटमाला चिखलदऱ्याच्या थंडीत एकाएकी अपुरी पडते, त्यामागे ही दोन्ही कारणे असतात. ज्या ठिकाणी रात्रीच्या प्रसूतीसाठी याच दिव्यावर विसंबावे लागते, तेथे परीक्षण पावसाळ्यानंतर, थंडीपूर्वी करणे इष्ट.

हायड्रोमीटरच्या वाचनासही अशीच दुरुस्ती लागते : ४१° से.ला १.२३० हे वाचन २७° से.च्या १.२४० शी तुल्य असते. सहांपैकी एकाच घटाची घनता इतरांहून ०.०३० ने कमी असेल, तर सगळी घटमाला त्या दुबळ्या घटाच्या मापाने चालते. घटात घालावयाचे पाणी ऊर्ध्वपातित किंवा निर्खनिजीकृतच असावे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातील विहिरींच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण मोठे असते व त्यातील क्लोराइडे शिशाच्या पट्ट्या खातात. असे पाणी एकदा घटात गेले, की ते काढण्याचा व्यवहार्य उपाय नाही.

पर्यटकांच्या फिरत्या निवासवाहनांत, ज्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये धोरण आखले, दिवे व शीतकपाट चालविणारी घटमाला एंजिनाच्या घटमालेहून वेगळी असते आणि तिचे परीक्षण याच तत्त्वाने होते. लिथियम-लोह-फॉस्फेट घटमालेचा दाब मात्र बहुतेक विसर्जनभर १३ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो. त्यामुळे तेथे दाबावरून अंदाज बांधणे अधिकच व्यर्थ ठरते; प्रवाह व काळ यांची बेरीज ठेवणारा अँपिअर-तास मापक बसवावा लागतो.