पंखा थांबत का नाही?

सदाशिव पेठेतील कुमठेकर रस्त्यावर सायंकाळी मोटारी गोगलगायीच्या गतीने सरकतात. रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, म्हणून पंखा वारंवार फिरतो. तो दोष नव्हे. एसी चालू असतानाही तो फिरतोच. मात्र रात्रभर बोळात उभी राहून पूर्ण थंड झालेल्या गाडीत, एसी बंद ठेवून चावी फिरवताच पंखा घरघरू लागला, तर शोध घेणे आवश्यक ठरते.

पहिला संशय रिलेवर, म्हणजे पंख्याची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या डबीवर, घ्यावा. ती चिकटली तर काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा फिरत राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली आढळते. गाडी बंद करून, पात्यांपासून हात दूर ठेवून रिले काढावा. तरीही पंखा फिरला, तर दोष वायरिंगमध्ये आहे. थांबला, तर त्याच जातीचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा चालतो, लावून पाहावा. तोही पंखा फिरवू लागला, तर तापमानाचा सेन्सर व त्याची जोडणी तपासावी. सेन्सरचा संदेश तुटला की अनेक गाड्यांतील संगणक इंजिनाच्या रक्षणासाठी पंखा सतत चालू ठेवतो. पंखा निर्दोष असतो. वर्दीच चुकीची असते. अशा वेळी नवा पंखा बसवणे हा निव्वळ वायफळ खर्च होय.

आवाजाला कंटाळून काही जण पंख्याची वायरच काढून टाकतात. याहून महाग काटकसर नाही. त्याच कुमठेकर रस्त्यावरील गर्दीत इंजिन तापते आणि हेड गॅस्केट निकामी होते.