टीआर आणि देवनागरी

टीआर ही युनिक्समधली अगदी छोटी आज्ञा आहे. तिच्यात एका बाजूने मजकूर येतो, सांगितलेली अक्षरे बदलतात किंवा गळतात आणि मजकूर दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. फाइलीचे नाव तिला देता येत नाही. मजकूर नळीतून किंवा पुनर्निर्देशनाने पुरवावा लागतो. निघालेला मजकूर त्याच फाइलीकडे वळवला, तर शेल ती फाइल आधीच रिकामी करून ठेवते आणि टीआरला वाचायला काही उरत नाही. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी ती लिहिली आणि १९७३ च्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ती आली.

आज्ञेला दोन संच द्यायचे: पहिल्यातले पहिले अक्षर दुसऱ्यातल्या पहिल्याने बदलते, दुसरे दुसऱ्याने. डी हा पर्याय दिला की संचातली अक्षरे गळतात, एस दिला की लागोपाठ आलेल्या एकसारख्या अक्षरांचे एकच उरते आणि सी दिला की संचाबाहेरची सगळी अक्षरे धरली जातात. दुसरा संच आखूड पडला तर लिनक्सवरची जीएनयू आवृत्ती त्याचे शेवटचे अक्षर पुन्हा पुन्हा वापरते. तो लांब असला तर उरलेला भाग मुकाट्याने सोडून देते.

या आज्ञेची ताकद सर्वांत चांगली दिसली १९८६ मध्ये. मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द शोधणारा संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांचा मोठा प्रोग्रॅम छापून आला, त्यावर मॅकिलरॉय यांनी सहा आज्ञांची साखळी उत्तर म्हणून दिली. त्या सहांपैकी दोन टीआर होत्या. एक शब्द सुटे करणारी, दुसरी मोठी रोमन अक्षरे लहान करणारी.

हीच साखळी मराठी फाइलीवर चालवली तर हाती काहीच लागत नाही, कारण रोमन वर्णमालेबाहेरचे सगळे ती कचरा समजते. मात्र तिच्यात थोडा बदल पुरतो. फक्त मोकळी जागा नव्या ओळीत बदलली, स्वल्पविराम आणि पूर्णविराम गाळले, की मराठी शब्दांची यादी मिळते. विंडोजवर टंकलेल्या फाइलीतले ओळीअखेरचे जादा चिन्हही टीआर सुखरूप काढते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरी अक्षराच्या आत रोमन चिन्हाचा बाइट कधीच येत नाही, त्यामुळे या कामात मराठी मजकुराला धक्का लागत नाही.

खरी अडचण येते ती देवनागरी अक्षरच बदलायला सांगितल्यावर. लिनक्सवर सर्रास असलेली जीएनयूची टीआर अक्षर ओळखत नाही, बाइट ओळखते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘नागपूर’ या शब्दात सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट. नागपूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा ४४०००१ हा पिनकोड रोमन अंकांत टंकलेला आहे आणि तो देवनागरीत हवा आहे, असे समजू. पहिल्या संचात दहा रोमन अंक, दुसऱ्यात दहा देवनागरी अंक. दिसायला जोडी जुळते, पण दुसऱ्या संचात टीआर तीस बाइट मोजते. देवनागरी शून्याचे बाइट आहेत २२४, १६५, १६६. एकाचे २२४, १६५, १६७. म्हणून शून्याला २२४ मिळतो, एकाला १६५, दोनाला १६६, तिनाला पुन्हा २२४. चार आणि एक या दोघांच्या वाट्याला १६५ च येतो. पिनकोडाच्या जागी उरतात १६५, १६५, २२४, २२४, २२४, १६५, म्हणजे पडद्यावर चौकटी आणि प्रश्नचिन्हे. चार कुठला आणि एक कुठला हे आता कोणालाही सांगता येणार नाही, म्हणून उलटी आज्ञा देऊनही मूळ आकडा परत मिळत नाही. एवढे होऊन चूक झाल्याची सूचना नाही ती नाहीच!

नागपुरात आणखी एक पेच संभवतो. हे शहर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि आजही केंद्राच्या कार्यालयांचे हिंदी व राज्याच्या कार्यालयांचे मराठी इथे शेजारी शेजारी नांदते. हिंदीत शहराचे नाव ‘नागपुर’, मराठीत ‘नागपूर’. दोन्हींत फरक एकाच बाइटाचा: ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९, दीर्घ उकाराचा १३०. बाइट अष्टमानात देता येतात, तेव्हा २०१ च्या जागी २०२ सांगितले की नागपूर सुधारते. पण त्याच फेरीत पुण्याचे ‘पूणे’ होते, मुंबईची ‘मूंबई’ आणि गुरुवारचा ‘गूरूवार’. शिवाय चंद्रबिंदूचाही शेवटचा बाइट १२९ आणि अनुस्वाराचा १३०, त्यामुळे हिंदीतला ‘चाँद’ न विचारता ‘चांद’ होतो.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणे तर टीआरच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्या फॉन्टमध्ये रोमन डीच्या जागी ‘क’ बसवलेला असतो आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाते; युनिकोडमध्ये ती नंतर हवी. टीआर एक बाइट काढून दुसरा घालते, जागा बदलत नाही. तिथे स्वतंत्र परिवर्तकच लागतो.

अंकांसाठी सेड या आज्ञेतील वाय ही सूचना वापरावी. यूटीएफ-८ची भाषाव्यवस्था चालू असेल तर ती पूर्ण अक्षरे मोजते, नसेल तर दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही म्हणून काम नाकारते, आणि हे नाकारणे टीआरच्या मुकाट्याने करण्यापेक्षा कितीतरी बरे. मॅकवरची टीआर मात्र बीएसडी घराण्यातली आहे, तिला अनेकबाइटी अक्षरे कळतात. त्यामुळे तिथे नीट चाललेली आज्ञा कार्यालयातल्या लिनक्स सर्व्हरवर फाइल बिघडवू शकते.

बिघडलेली फाइल ओळखण्यासाठी ती आयकॉन्व्ह या आज्ञेने यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच फिरवावी; पहिल्या अवैध बाइटापाशी ही आज्ञा थांबते. पिनकोडची चूक अशी सापडते. ‘पूणे’ मात्र वैध यूटीएफ-८ असल्याने या चाळणीतून सहज निसटते आणि ते पकडायला मूळ प्रत जपून डिफ या आज्ञेने दोन्ही फाइली ताडून पाहाव्या लागतात.