ट्रॅक्टरच्या पुढील चाकांची जुळणी

पुढील टायरांची एकच कड झिजूं लागली कीं आपण टायरास दोष देतों. पण खरा दोष बहुधा चाकांच्या जुळणींत असतो. चाकें पुढच्या अंगास मागच्यापेक्षां किंचित् जवळ असावीं लागतात. तीं फार आंत वळलीं तर टायरांची बाहेरची कड झिजते, बाहेर फांकलीं तर आंतली.

सपाट जागीं, दोन्ही टायरांत हवा सारखी भरून, चाकें सरळ करावीं. चाकाच्या मध्याच्या उंचीवर, पुढच्या अंगास, दोन्ही टायरांच्या मधोमध खडूनें खूण करून अंतर मोजावें. मग ट्रॅक्टर पुढें ढकलून त्याच खुणा मागें तितक्याच उंचीवर आणाव्या व पुन्हां मोजावें. मागचें माप थोड्या मिलिमीटरांनीं अधिक भरावें. नेमका आंकडा यंत्राच्या पुस्तिकेंत असतो. फरक चुकल्यास टाय रॉडचे चेकनट सैल करून रॉड लांब किंवा आखूड करावा, नट आवळावे आणि माप पुन्हां पडताळावें.

मात्र सांधे किंवा बेअरिंग खिळखिळें असल्यास तें आधीं दुरुस्त करावें. नाहींतर घेतलेलें माप टिकत नाहीं. पिकाच्या ओळींप्रमाणें चाकांमधील अंतर बदललें, कीं ही तपासणी पुन्हां करण्यास चुकूं नये. खडू व मोजपट्टी एवढ्या साहित्यावर महागडे टायर वांचतात.